गाडी मुंबईत झाली नव्हती

सुखदेवराव, परवा तुमच्या जलदानविधीला मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी एक वाक्य बोलून खाली बसले. "सुखदेव चांगला माणूस होता." इतकंच. आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मजुरांपुढे मी अर्धा अर्धा तास बोलते, ते तुम्ही ऐकलेलं आहे. लोकांना वाटलं, बाईंचा गळा दाटून आला. गळा दाटला नव्हता. जे बोलायला हवं होतं ते त्या मांडवात बोलायची हिंमत नव्हती. म्हणून लिहायला बसले आहे.

'राव' ऐकून तुम्ही हसला असतात. इतकी वर्षं मी तुम्हाला 'सुखदेव' आणि 'तू' म्हणत आले, तुम्ही माझ्यापेक्षा वयानं मोठे असूनही. आता 'तुम्ही' म्हणते आहे तर तुम्ही विचारलं असतं, "आता काऊन, बाई?"

गाडीबद्दलच लिहायचं आहे. तुमच्याबद्दल बोलायला परवा सहा माणसं उठली. कोणी म्हणालं, सुखदेवनं जिनिंगचं इंजिन एका दिवसात चालू केलं. कोणी म्हणालं, गावातला एकही पंप त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिला नाही. गाडीचं नाव कोणी काढलं नाही. कसं काढणार? ती गाडी मुंबईला तयार झाली हे सगळ्या नांदुऱ्याला माहीत आहे. नांदुऱ्याला ते मी सांगितलेलं आहे.

आमचे यजमान गेले तेव्हा ती गाडी गोठ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली होती. कापूस खरेदी करणारा एक फ्रेंच साहेब मायदेशी परत जाताना ती यजमानांना देऊन गेला होता. ती वर्षभर चालली, मग पुढच्या चाकाचा सांधा तुटला. इकडे ती गाडी कोणाला उमगेना. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी भंगारवाल्याला बोलावलं होतं. तुम्ही तेव्हा जिनिंगचं काम संपवून हात पुसत अंगणात आला होतात. "भंगारात देण्याआंधी मले एक डाव पाहू द्या," म्हणालात, आणि बॉनेट उघडून तासभर आत डोकं घालून राहिलात. भंगारवाला कंटाळून निघून गेला. मग तुम्ही मला हाक मारली.

"बाई, ही बैलासारखी हाये."

"म्हणजे?"

"बाकीच्या गाड्या मागून ढकलते. ही समोरून वढते. हिचा जोर सारा पुढच्या चाकात हाये. म्हनून कोनाले समजली नाई."

मला धामणगाव बढ्याच्या शेतावर जायला काहीतरी वाहन हवं होतं. बसच्या वेळा माझ्या कामाला जुळत नव्हत्या. मी म्हटलं, कर. सीझन संपल्यावर कर, जिनिंगचं काम अडता कामा नये. एवढी एकच अट मी घातली होती. ही अट मी किती घट्ट धरून बसले होते ते पुढे येईलच.

दोन वर्षं लागली. कापसाचा हंगाम संपला की तुम्ही गोठ्यात शिरायचात. सांधा तुम्ही खामगावच्या एका लेथवर चार वेळा करून आणलात. तीन वेळा तो बसला नाही. तुम्ही चिडला नाहीत, मी चिडले. "तुमी घरात जा, बाई, तुमच्यानं लोखंड भेते," म्हणालात. सांध्यावर वंगण धरून ठेवणारी जी पिशवी लागते ती फ्रान्सहून आल्याशिवाय मिळणार नाही असं सगळे म्हणाले. तुम्ही कापसातून सरकी काढणाऱ्या जिनच्या रोलरवर चढवायच्या चामड्याच्या चकत्यांतलं उरलेलं चामडं घेतलंत. ते जवसाच्या तेलात भिजत घातलंत आणि दुहेरी टाक्यानं शिवलंत. "जे चामडं दिवसभर सरकीशी घासून मरत नाई, ते वंगनात काय मरते?" हा तुमचा हिशेब. तो बरोबर निघाला. ती पिशवी अजून आहे तशी आहे.

आपली भांडणं दोन होती. पहिलं रंगाचं. मला काळा हवा होता, कारण काळा रंग कुठंही मिळतो. तुम्ही दाराशी पाय ठेवायच्या फळीच्या खालचा मूळ रंग शोधून काढलात आणि जिनिंगच्या छपरातल्या पारव्याचं पीस उचलून रंगाच्या दुकानात घेऊन गेलात. "असा द्या." दुकानदारानं विचारलं, गाडी रंगवायची आहे का पारवा? तीन वेळा तो रंग परत केलात. गाडी रंगवून झाली तेव्हा ती सुंदर दिसत होती. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. "धुळीत दिसणार नाही, बरं आहे," इतकं म्हणाले.

दुसरं भांडण स्टिअरिंगचं. ते डावीकडे. मला ते उजवीकडे हलवून हवं होतं. तुम्ही ऐकलं नाही. "मानसाचं काळीजबी डाव्याच बाजूले हाये. ते हलवता का?" त्या गाडीत पुढच्या बैलगाडीच्या बाजूनं निघायचं तर डावीकडे बसलेल्या तुम्हाला पुढचा रस्ता दिसायचाच नाही. तो उजवीकडे बसलेल्या मला दिसायचा. म्हणून धामणगाव बढ्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी तुम्ही विचारायचात, "बाई, रस्ता मोकया हाये का?" मी 'आहे' म्हटलं की तुम्ही निघायचात, न पाहता. एकदा मी 'आहे' म्हटलं आणि समोरून कापसाची गाडी आली. आपण रस्त्याकडेच्या चारीत गेलो. गाडीवान शिव्या देत खाली उतरला तर तुम्ही त्यालाच म्हणालात, "बाई नाई बोलल्या, तुह्या बैलानंच मले 'हाव, मोकया हाये' म्हटलं." तो हसला. मीही हसले. माझी चूक तुम्ही तेव्हाच पहिल्यांदा झाकून घेतली होती. मला ती गंमत वाटली.

आता मुंबईचे साहेब.

दिवाळी होऊन गेली होती आणि आठ दिवसांत जिनिंगचा सीझन सुरू व्हायचा होता. साहेब यजमानांच्या ओळखीचे, कापसाचे व्यापारी, जुन्या गाड्यांचे शौकीन. गाडी पाहिली आणि चहा तसाच ठेवून अंगणात उतरले. डॅशबोर्डवर एक पितळी पट्टी आहे. तुम्ही ती चिंचेनं घासून लखलखीत केली होती आणि मी तिच्यावर रंग मारायला सांगितलं तेव्हा ऐकलं नव्हतं. त्यांनी ती पट्टी वाचली. म्हणाले, ही नेहमीची गाडी नाही. अशा मोजक्याच काढल्या, प्रत्येकीवर तिचा क्रमांक आहे. हिंदुस्थानात दुसरी त्यांच्याकडे आहे, पण ती मेलेली आहे.

मग ते चक्क पोतं अंथरून गाडीखाली शिरले. त्यांचे पांढरे बूट तेवढे बाहेर. आतून आवाज आला, "हे चामड्याचा काम कोणी केला?"

तुम्ही बॉनेट धरून उभे होता. अंगात वंगणानं काळी झालेली बंडी. माझ्यापासून चार हातांवर.

मी म्हणाले, "मुंबईला करून घेतलं."

साहेब बाहेर आले. "मुंबईत कुठे? दोन वर्षं मी असा माणूस शोधतो. मला भेटत नाय. नाव द्या त्याचा. माझी गाडी त्याला देतो, जागा देतो, पायजे तर वर्षभर ठेवून घेतो."

"ते गॅरेज बंद झालं," मी म्हणाले. "कारागीर म्हातारा होता. गावी निघून गेला." सगळं शुद्ध भाषेत, सावकाश, एकदाही न अडखळता.

साहेब तुमच्याकडे वळले. "तू पायला होता त्याला?"

तुम्ही खिशातला कापसाचा बोळा काढून बोटं पुसलीत. एकेक बोट. "नाई साहेब. गाडी मुंबईहून तयारच आली. मी निस्ता पुसतो."

"चांगला पुसतो," साहेब म्हणाले आणि तुमच्या खांद्यावर थाप मारली.

हे लिहिताना मला माझ्या अंगणात उभं राहवत नाही. तरी जेवढं आठवतं ते सगळं लिहिते. त्या वेळी मी स्वतःला एक कारण दिलं. इतक्या मोठ्या माणसापुढे माझ्या जिनिंगच्या फिटरचं नाव घेऊन काय होईल, ते हसतील, गाडीची किंमत त्यांच्या नजरेत उतरेल. तुमची बंडी, तुमचं 'हाये' आणि 'नाई', तुमची वस्ती. हो, वस्तीसुद्धा. मी काही जुन्या वळणाची बाई नाही असं मी स्वतःबद्दल सांगत असते. तुम्ही धर्म बदललात तेव्हा मी यजमानांशी तुमच्या बाजूनं वाद घातला होता. पण साहेबांपुढे तुमचं आडनाव तोंडातून काढायचं म्हटल्यावर जीभ अडली. हे खरं आहे.

पण हे कारण मी कित्येक वर्षं पुढे केलं, कारण त्याच्यामागचं त्याहून वाईट होतं. साहेब 'माझी गाडी त्याला देतो' म्हणाले त्या क्षणी माझ्या डोक्यात तुमची बंडी नव्हती. सीझनला आठ दिवस राहिलेत आणि फिटर मुंबईला गेला तर जिनिंगचं इंजिन कोण बघणार, हे होतं. पहिलं खोटं लाजेपोटी निघालं असेल. गॅरेज बंद झालं हे दुसरं खोटं मी पूर्ण विचार करून बोलले. तुम्ही मला हवे होता. नटबोल्ट हवे असतात तसे.

तुम्हाला नांदुऱ्याच्या स्टँडजवळ स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं, हे मला माहीत होतं. बोर्डावर काय लिहायचं तेही तुम्ही मला सांगितलं होतं. साहेबांची एक गाडी तुमच्या हातून झाली असती तर तुमच्याकडे गाड्या मुंबईहून इकडे आल्या असत्या. हेही मला तेव्हा कळत होतं. आज कळलं असं नाही.

मग ते खोटं गावभर झालं, कारण साहेब स्टेशनवर चार लोकांत तेच बोलले, आणि कोणी विचारलं तर मीही तेच सांगत गेले. एकदा बोललेलं मागे घ्यायचं तर मी खोटी ठरले असते. जिनिंगमध्ये मुकादमानं तुमची केलेली चेष्टा मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकली आहे. "काय बे सुकदेव, गाडी मुंबईले झाली म्हनते, मंग तू दोन वर्सं गोठ्यात काय भजे तळून राह्यला होता?" तुम्ही म्हणालात, "कोंबड्या हाकलून राह्यलो होतो." सगळे हसले. मी खिडकी लावून घेतली, धूळ येते म्हणून.

त्यानंतर सहा सीझन तुम्ही माझ्याकडे काढलेत. एक दिवस खाडा नाही. शेतावर जाताना तोच प्रश्न, तेच उत्तर. त्या अंगणातल्या गोष्टीबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, आणि मी त्याला तुमचा समजूतदारपणा म्हणून पदरात पाडून घेतलं. तुम्ही रागावला असतात तर मला बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. रंगावरून तुम्ही माझ्याशी महिनाभर भांडलात, सुखदेवराव. स्वतःवरून एक दिवस नाही.

परवाचं सांगायचं राहिलं. माझं ते एक वाक्य झाल्यावर मी बायकांच्यात जाऊन बसले. तुमच्या गयाबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या बाईनं माह्या मानसाचं नाव मुंबईच्या साहेबापुढं घेतलं होतं. साहेब न्याले तयार होता. हेच नाई म्हने. गावात गाडी मुंबईले झाली म्हनते, तेबी हेच राहू द्या म्हने. म्हने, सीझन सोडून मी कुठं जातो? बाईनं आपल्याकून कमी नाई केलं."

बायका माझ्याकडे आदरानं पाहायला लागल्या. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "असू द्या. त्यात काय एवढं."

तुम्ही घरी जाऊन हे सांगितलं होतंत तर. त्याच दिवशी, माझ्या अंगणातून निघून. तुमच्या बायकोला तुम्ही निर्माण करून दिलेली ती बाई माझ्यापेक्षा फार चांगली आहे. तिनं तुमचं नाव घेतलं, तुम्हाला जायला सांगितलं, आणि तुम्हीच राहिलात. मी परवा तिच्या जागी बसले आणि तिचे आभार स्वतः घेतले. साहेबांपुढचं खोटं सहा वर्षांपूर्वीचं, त्याला निदान घाईचं निमित्त देता येईल. परवाच्या खोट्याला काहीही देता येत नाही.

आज सकाळी मी तुमच्या घरी गेले. चालत गेले. तुमची गाडी चालवायला आता माणूस नाही. गयाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. "या, बाई," म्हणाल्या आणि सुपानंच पोतं झटकून पुढे सरकवलं. मी बसले आणि लगेच सांगून टाकलं, कारण थांबले असते तर चहा झाला असता आणि चहानंतर मी बोलले नसते. साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात, सगळं.

सूप थांबलं.

"म्हंजे तुमी नाव नाई घेतलं."

"नाही."

"तुमच्यासमोर ते म्हनले, मी निस्ता पुसतो?"

"हो."

त्यांनी ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "अन् मले घरी येऊन सांगतलं का, 'मीच नाई म्हनलो.' मी भांडली त्यायच्याशी, बाई. चार दिवस बोलली नाई. म्हनलं, बाई एवढं नाव घेते अन् तुमी कसे हो असे. भित्रे म्हनलं मी त्यायले."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी घरातही ऐकून घेतलंत, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मी क्षमा मागितली. गयाबाईंनी ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. "मले काय मागता," म्हणाल्या. "ज्यायले मागाची ते गेले."

मी पिशवीतून कागद आणि पेन काढलं. साहेबांचा पत्ता माझ्याकडे आहे, त्यांची ती गाडी अजून तशीच पडून आहे असं त्यांचं गेल्या वर्षी पत्र होतं. मी सांगितलं, साहेबांना खरं लिहून कळवते, इथंच बसून, तुमच्यासमोर. आणि ते पत्र तुम्ही कोणाकडून तरी वाचून घ्या, मग मी स्टेशनवरच्या पेटीत टाकते. तेच मी गावातही सांगणार आहे, मुकादमापासून सुरुवात करून.

त्यांनी मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. मी लिहायला लागले. पहिला परिच्छेद लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. आपण आलात त्या दिवशी मी आपल्याशी खोटं बोलले, त्याची मला अनेक वर्षं टोचणी आहे, माझ्या हातून झालेली ही चूक मला स्वस्थ बसू देत नाही, असं बरंच होतं. मला ते चांगलं उतरलंय असं वाटत होतं.

गयाबाई म्हणाल्या, "हे तर सारं तुमचंच हाये."

मी पेन कागदावरून उचललं.

"आंधी त्यायचं नाव लिवा. मंग त्यायनं काय काय केलं ते लिवा, चामड्याचं, सांध्याचं, सारं. तुमचं खोटं राहू द्या शेवटी. जागा उरली तर लिवा."

सुखदेवराव, मी तो कागद फाडला. दुसरा घेतला. वर लिहिलं, 'सुखदेव मारोती इंगळे, फिटर, नांदुरा. आपण पाहिलेली गाडी यांनी केली.'

"वाचा," गयाबाई म्हणाल्या.

मी वाचलं.

"अजून एक डाव वाचा. जरा जोरानं, शेजारी लोक हायेत."

मी पुन्हा वाचलं.